उजळणी वर्ग: मेस झकास, वेळापत्रक शिळं, एक दुपार वसूल

सेवेत आहे, म्हणून प्रशिक्षण केंद्राचं नाव लिहीत नाही. जे तिथे राहून आलेत ते बाथरूमच्या कडीवरूनच ओळखतील. मी एका तालुक्याच्या ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक. ‘नवीन फौजदारी कायदे, सायबर व तपास कौशल्य’ अशा भारदस्त नावाचा दोन आठवड्यांचा उजळणी वर्ग यंदा करून आले. लोक मिक्सरचं, मिसळीचं, मोबाइलच्या कव्हरचं परीक्षण लिहितात. आम्हाला मिळणाऱ्या या सेवेचं कोणी लिहीत नाही, कारण समारोप झाला की जो तो आधी बस गाठतो. मीही गाठली, फक्त बसमध्ये टिपणं काढली.

आधी नाव कसं लागतं ते सांगते, कारण माझ्या मते निम्मा घोळ तिथेच आहे. जिल्ह्याच्या कार्यालयातून व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र येतं: सोबतच्या नमुन्यात अधिकारी-अंमलदारांची नावे आजच्या आज पाठवावीत, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील. नमुन्यातले रकाने म्हणजे अनुक्रमांक, पद, बक्कल नंबर, नाव, जन्मतारीख, मोबाइल. या माणसाकडे कोणते गुन्हे तपासाला आहेत, त्याचं घोडं कुठे अडतं, आधी काय शिकून झालंय, याला रकाना नाही. मग ठाण्यात जो मोकळा दिसेल त्याचं नाव जातं. ज्याच्या कपाटात प्रलंबित गुन्ह्यांची चळत आहे त्याला प्रभारी सोडत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही. त्याला सोडलं तर तारखेला कोर्टात उभं कोण राहणार?

आमच्याकडे एक हवालदार आहेत, निवृत्तीला आलेले, गोड स्वभावाचे, हजेरी बघतात. प्रत्येक कोर्सला तेच जातात. ठाण्यात त्यांना ‘कोर्स मेजर’ म्हणतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्रांची जाड फाईल आहे आणि तपासाला एकही गुन्हा नाही.

उलट मुद्देमाल कारकुनाचं नाव मी आजवर एकाही यादीत पाहिलेलं नाही. जप्त मोबाइल, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणारं यंत्र), पेनड्राइव्ह, रक्ताचे कपडे, सगळं त्याच्या खोलीत. सील शाबूत होतं का, पार्सल प्रयोगशाळेत कोणी नेलं, कोणत्या तारखेला नेलं, मधले दिवस माल कुठे होता, ही सगळी साखळी त्याच्या नोंदवहीवर उभी असते. उलटतपासणीत बचावाचे वकील पहिला हात तिथेच घालतात. ११२ च्या गाडीवरचे दोघेही तसेच. घटनास्थळी सर्वांत आधी पाय त्यांचे पडतात. जखमीला उचलताना कशाला हात लावायचा नाही, बघ्यांना कुठल्या बाजूनं मागे सारायचं, हे शिकायची गरज त्यांना पहिली. यादीत मात्र अधिकारी, आणि त्यातही सुटे सापडलेले. माझं नाव लागलं ते ‘महिला अधिकारी एक’ अशी पत्रात अट होती म्हणून.

आता सेवा. जेवणाला पाचपैकी साडेचार. सकाळी पोहे किंवा उपीट, दुपारी गरम भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, आठवड्यातून दोनदा चिकन आणि न खाणाऱ्यांना पनीर. बंदोबस्तात पाकिटातली गार पुरीभाजी खाल्लेल्या माणसाला हे पंचपक्वान्न. मेसचे दादा दुसऱ्या दिवसापासून कोणाला तिखट चालत नाही हे लक्षात ठेवून होते. अर्धा गुण कापला तो चहाचा. तो चहा नव्हता.

महिला बराकीत बाथरूमची कडी बाहेरून लागते, आतून लागत नाही. पहिल्या रात्री आम्ही पीटीच्या बुटाची नाडी वापरून सोय केली. आमच्यातल्या एका उपनिरीक्षक मुलीचं बाळ आठ महिन्यांचं होतं. तिची आई बाळाला घेऊन गावातल्या लॉजवर राहिली आणि ही दुपारच्या सुट्टीत रिक्षानं जाऊन-येऊन करायची. नावं मागवताना कोणी विचारलं असतं तर ती पुढच्या तुकडीत आनंदानं आली असती. परेड, पीटी, गोळीबार सराव, सगळं रीतसर झालं. फायरिंगचे उस्ताद उत्तम होते, आवाज न चढवता शिकवतात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पहिले काही दिवस कायदा. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. पडद्यावर दोन रकाने, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. ३०२ चं १०३, ३७९ चं ३०३, ४२० चं ३१८, ३५४ चं ७४. दंड संहितेची ५११ कलमं होती, आता ३५८ आहेत. सगळं खरं. पण हाच तक्ता एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, ‘संकलन’ अ‍ॅपवर प्रत्येकाच्या खिशात आहे, नेट नसलं तरी चालतो, आणि अ‍ॅप खरंच चांगलं आहे. समोर बसलेला प्रत्येक जण याच कलमांखाली गुन्हे दाखल करून, दोषारोपपत्रं पाठवून आलेला होता. त्याला पुन्हा तोच तक्ता वाचून दाखवायचा म्हणजे मापं न घेता शिवलेला गणवेश अंगावर चढवण्यासारखं झालं.

मापं घेतली असती तर काय निघालं असतं, त्याचा नमुना वर्गातच मिळाला. सोलापूरकडच्या एका तरुण फौजदारानं हात वर केला. प्लॉटचे पैसे घेतले, प्लॉट दिला नाही, असा अर्ज आलाय. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) खाली उपअधीक्षकांची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पण ती ३ वर्षं किंवा जास्त आणि ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत. फसवणुकीच्या ३१८(४) ला शिक्षा ७ वर्षांपर्यंत. म्हणजे ते चौकटीत बसत नाही. विश्वासघाताच्या ३१६(२) ला ५ वर्षांपर्यंत, ते बसतं. अर्जात तर दोन्हींचा वास येतो. मग आधी चौकशी करू की थेट गुन्हा दाखल करू? चौकशी केली तर फिर्यादी वकिलाला घेऊन येतो, गुन्हा घेतला तर समोरचा म्हणतो हा दिवाणी वाद आहे.

प्रश्न इतका नेमका होता की मागच्या बाकावरचेही जागे झाले. व्याख्याते म्हणाले, “ते आपण शेवटी घेऊ.” शेवट आला नाही, जेवणाची घंटा आली. रोज ठाण्यात ज्याला तोंड द्यावं लागतं असा हा प्रश्न, आणि वेळापत्रकात त्याला जागा नव्हती, कारण वेळापत्रक हा फौजदार येण्याच्या कितीतरी आधी छापून तयार होतं.

अटकेच्या कारणांचंही तसंच. सरसकट अटक करू नका सांगणारा अर्नेश कुमार खटल्याचा २०१४ चा निकाल सांगितला, अटकेऐवजी हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस सांगितली, दोन्ही आवश्यकच. पण वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अपिलावर ६ नोव्हेंबर २०२५ ला जो निकाल लागला, तो स्लाइडमध्ये नव्हता. अटकेची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायची. तत्काळ लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. सगळ्या गुन्ह्यांना लागू. आमच्या हद्दीत साखर कारखाना आहे, वीटभट्ट्या आहेत. अटक होणारा कधी कन्नड बोलणारा असतो, कधी छत्तीसगडचा. रात्री दोन वाजता त्याच्या भाषेत कारणं कोण लिहून देणार आणि सकाळच्या रिमांडला ते कसं गाठायचं, हा आजचा अडलेला प्रश्न आहे. वर्षातून एकदा तयार होणाऱ्या स्लाइडमधून तो सुटायचा नाही. न्यायालय निकाल द्यायला आमच्या पुढच्या तुकडीची वाट बघत नाही.

सायबरला दीड गुण, तेही व्याख्याता उत्साही होता म्हणून. डार्क वेब, बिटकॉइन, परदेशातल्या टोळ्या, ऐकायला छान. आमच्याकडे येतो तो शेतकरी, ज्यानं ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर उघडली आणि कांद्याचे पैसे गेले. त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार लगेच का टाकायला लावायची, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायला बँकेत कोणाला गाठायचं, माहिती मागवणारं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालचं पत्र कसं लिहिलं की बँक दुसरं स्मरणपत्र न मागता उत्तर देते, हे एखाद्या सायबर ठाण्यातल्या अनुभवी अंमलदारानं तासाभरात शिकवलं असतं. असे अंमलदार प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना व्याख्याता म्हणून बोलावत नाहीत, बहुधा ते हवालदार आहेत म्हणून.

पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याचं, व्याख्यान साऱ्या वर्गाला एकत्र. २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवा, मुलाचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकारी महिलेनं घ्यावा, गणवेश नको, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी. आमच्या ठाण्यात महिला अधिकारी मी एकटी. असा प्रत्येक जबाब माझ्याकडेच येतो, त्यामुळे कलमं झोपेतसुद्धा सांगेन. मला जे हवं होतं ते वेगळं. सात वर्षांची मुलगी “काका वाईट आहेत” एवढं बोलून गप्प झाली, तर तिच्या तोंडात शब्द न घालता पुढचा प्रश्न कोणता विचारायचा? शेजारी बसलेली आई प्रत्येक उत्तर आपणच देतेय, तिला न दुखावता बाजूला कसं बसवायचं? ‘दुपारी’ म्हणजे नक्की केव्हा, हे घड्याळ न कळणाऱ्या मुलीकडून मधल्या सुट्टीवरून, पाण्याच्या टँकरवरून, टीव्हीवरच्या कार्यक्रमावरून कसं काढायचं? हे समुपदेशकासमोर बसून, करून, अडखळून शिकायचं काम आहे. माझ्या शेजारी वाहतूक शाखेचे निरीक्षक होते. पोक्सोचा कागद कित्येक वर्षांत त्यांच्या हाताला लागलेला नाही. ते डुलक्या घेत होते आणि मला त्यांचा जराही राग आला नाही.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. पोलीस प्रशिक्षणावर केंद्रानं १९७१ मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते प्रा. एम. एस. गोरे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संचालक. पोलीस अधिकारी नव्हे, समाजशास्त्रज्ञ. १९७३ च्या अहवालाचा भर असा होता की प्रशिक्षणाचा आवाका कायदा-सुव्यवस्था आणि गुन्हे प्रतिबंध यांच्यापलीकडे, माणसाचं वागणं समजून घेण्यापर्यंत वाढवावा. अर्धशतक उलटून गेलं. सात वर्षांच्या मुलीशी बोलायचं कसं, हा तास अजून माझ्या वेळापत्रकात आलेला नाही.

आता ती दुपार, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

दुसऱ्या आठवड्यात एका निवृत्त सरकारी वकिलांचं सत्र होतं. वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्यांनी तुकडीच्या ग्रुपवर निरोप टाकला होता: ‘येताना आपल्या ठाण्यातला, अभियोग (सरकारी वकिलांच्या) कार्यालयातून परत आलेला किंवा कोर्टात न टिकलेला एक कागद आणावा. मूळ नको, झेरॉक्स. नावे व पत्ते काळ्या शाईने खोडावेत.’ निम्म्या लोकांना वाटलं चेष्टा आहे. उरलेल्यांना वाटलं सापळा आहे, कागद साहेबांकडे जाईल आणि कसुरी अहवाल निघेल. मी आमच्या ठाण्यातल्या एका जुन्या मोटारसायकल चोरीच्या निकालाची शेवटची पानं नेली, तपास माझ्या आधीच्या अधिकाऱ्याचा.

सरांनी आल्या आल्या सांगितलं, “कागद कोणाचा हे मी विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका.” सगळे कागद एकत्र केले, टेबलं जोडली आणि आम्हालाच ढीग लावायला सांगितले. कलमानुसार नाही. कागद जिथे ठेचकाळला त्या जागेनुसार. एक ढीग वेळेचा, एक सील-लेबलचा, एक इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा, एक नोटिसांचा. पाचव्या ढिगाला काय म्हणायचं हे कोणाला सुचेना, शेवटी नांदेडच्या मॅडम म्हणाल्या, “कॉपी-पेस्ट.” तोच सगळ्यांत उंच झाला.

त्या ढिगातली अमली पदार्थांच्या छाप्यांतली एक नोटीस सरांनी मोठ्यानं वाचली. आपली अंगझडती राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी किंवा आमच्या सोबतच्या अधिकाऱ्यांसमक्ष घेता येईल. मग दुसऱ्या जिल्ह्यातली काढली. तेच वाक्य. तिसरी. तेच, स्वल्पविरामासकट, आणि एकात तर मागच्या गुन्ह्यातल्या गावाचं नाव जसंच्या तसं राहिलेलं. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० मध्ये पर्याय दोनच आहेत, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी. छापा घालणाऱ्या पथकातलाच अधिकारी हा तिसरा पर्याय देणं चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं परमानंद खटल्यात २०१४ मध्ये सांगितलं. त्याच निकालात दोन आरोपींना मिळून एकच नोटीस देणंही चूक ठरलं. वर्गातल्या जवळपास सगळ्यांना कलम ५० तोंडपाठ होतं. तरीही वाक्य तेच, कारण कोणीतरी कधीतरी लॅपटॉपवर एक फाईल बनवली आणि ती पेनड्राइव्हवरून जिल्हे ओलांडत राहिली.

सर म्हणाले, “यावर मी तुम्हाला तीन तास शिकवू शकतो. काही उपयोग होईल का?”

कोणीतरी म्हणालं, “फाईल बदलावी लागेल, सर.”

“मग व्याख्यान कशाला देऊ?”

हे मी आजवर कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. प्रत्येक चुकीवर उपाय म्हणून वर्ग भरवायचा ही आपली सवय आहे. काही चुका शिकवून जातात, काही नमुना दुरुस्त करून, आणि काही माणूस दिल्याशिवाय जाणार नाहीत. सील-लेबलच्या ढिगातले बरेचसे कागद या तिसऱ्या जातीचे निघाले. एकटा अंमलदार एका हातानं कॅमेरा धरून दुसऱ्या हातानं लाख वितळवतोय आणि पंचांच्या सह्याही घेतोय, तर लेबलवर तारीख राहणारच. त्याला अकरावा कोर्स करून काय मिळणार? शिकायची गरज काय हे ठरवण्याआधी शिकण्यानं काय सुटणारच नाही ते बाजूला काढायचं, एवढं त्या टेबलावर डोळ्यांसमोर झालं.

मग वेळेचा ढीग. किराणा दुकानातल्या कॅमेऱ्याचा पंचनामा होता. फिर्यादीत मारहाणीची वेळ सव्वानऊ, फुटेजवर नऊ चाळीस. बचाव पक्षाचं म्हणणं, नऊ चाळीसला दुकानाबाहेर कोणीतरी दिसतं खरं, पण ती ही घटनाच नव्हे. पंचनाम्यात सगळं होतं, डीव्हीआरची कंपनी, अनुक्रमांक, काळा रंग, वायरींची संख्यासुद्धा. फक्त एक ओळ नव्हती.

“डीव्हीआरचं घड्याळ किती दाखवत होतं? आणि त्याच क्षणी तुमचा मोबाइल?” सरांनी विचारलं. “दोन्ही वेळा एका ओळीत लिहायला किती वेळ लागतो?”

“अर्धा मिनिट, सर,” सोलापूरचा तोच फौजदार म्हणाला.

पुढे सर काही बोलले नाहीत, सरळ प्रत्येकाला कोरा कागद दिला. समजा तुम्ही आत्ता दुकानात उभे आहात, डीव्हीआर समोर आहे, तेवढाच परिच्छेद लिहा. लिहून झाल्यावर कागद दुसऱ्या जिल्ह्याच्या माणसाकडे, आणि त्यानं तो बचावाचा वकील म्हणून वाचायचा. माझा कागद अकोल्याच्या एका निरीक्षकांकडे गेला. “मॅडम, फुटेज किती दिवस मागचं साठतं ते दुकानदाराला विचारलं का? नाही लिहिलंत तर मी म्हणेन, आधीचं सोयीनं पुसलं.” मी ती ओळ घातली आणि त्यांच्या कागदातल्या पंचांची उभं राहण्याची जागा विचारून परतफेड केली. वर्गात गोंगाट झाला, कोणाला चहाची आठवण राहिली नाही. त्या चहाचा विचार करता तोही फायदाच.

प्रमाणपत्राच्या ढिगापाशी सरांनी जालन्याचा खटला सांगितला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, हा वाद. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण, आणि त्याचं प्रमाणपत्र काही केल्या मिळत नव्हतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं की जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचे दोन भाग झाले. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे दाखवणारा तिचा अंगठ्याच्या ठशासारखा कोड) त्यात लिहायची. भाग अ किराणा दुकानदार सही करेल. भाग ब वर तालुक्याच्या गावात सही कोणाची? वर्गात जितके जिल्हे तितकी उत्तरं. सरांनी आपलं मत लादलं नाही. “हा प्रश्न तुम्ही कोणी एकट्यानं सोडवायचा नाही. आपल्या जिल्ह्याचं लेखी उत्तर मागा,” असं सांगून त्यांनी तो फळ्यावर वेगळ्या चौकटीत लिहिला.

सर सर्वगुणसंपन्न होते असं नाही. वेळेचं भान त्यांना अजिबात नाही, पुढच्या व्याख्यात्याचा तास खाल्ला. आणि मध्येच म्हणाले, “हे हवालदारांना झेपायचं नाही.” इथे मात्र मला गप्प राहवलं नाही. मी म्हटलं, “सर, पदवीधर अंमलदारांना अटी घालून तपासाचे अधिकार द्यायचं राज्यानं २०२५ मध्ये ठरवलंय. उद्या हा पंचनामा तेच लिहिणार आहेत.” सर हसले, म्हणाले, “मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.” आणायचं माझ्या हातात असतं तर मुद्देमाल कारकुनाला पाठीवर घेऊन आले असते. या दुपारला पाचपैकी पाच.

शेवटच्या दिवशी वस्तुनिष्ठ परीक्षा. अमुक तरतूद कोणत्या कलमात, पर्याय चार. सगळे उत्तीर्ण, दरवेळी सगळेच उत्तीर्ण होतात. नंतर अभिप्राय फॉर्म. निवास, भोजन, ग्रंथालय, व्याख्याते, समोर उत्तम, चांगले, बरे. खाली ‘सूचना’ म्हणून एक ओळ. तुम्ही काय शिकायला आला होता आणि ते मिळालं का, हा प्रश्न नाही. सहा महिन्यांनी तुमच्या ठाण्यातून परत येणाऱ्या कागदांत काही फरक पडला का, हे विचारायला कोणी येत नाही. मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. गोळा करणारे शिपाई म्हणाले, “मॅडम, मागचं स्कॅन होत नाही.”

खरं तर हे सगळं कोणी नव्यानं शोधायचीही गरज नाही. गुजरातमधल्या एका लहान मुलीच्या खुनाच्या खटल्यात तपासातल्या त्रुटींमुळे आरोपी सुटला. किशनभाई खटल्याचा तो निकाल, जानेवारी २०१४. त्यात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमा, प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणं तपासा, चुका नोंदवा आणि त्यांतूनच तपासी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम तयार करा, तो दरवर्षी सुधारा. म्हणजे आमच्या सरांनी एका दुपारी टेबलं जोडून जे केलं तेच. ढीग तर प्रत्येक ठाण्यात तयार पडलेले आहेत. अभियोग कार्यालयाचे आक्षेप कोर्टातल्या खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पैरवी अंमलदाराकडे असतात, प्रयोगशाळेनं परत पाठवलेल्या पार्सलांची पत्रं आवक-जावक बघणाऱ्या बारनिशीत असतात, निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर असतात. महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये प्रलंबित आणि निर्गती हे आकडे वाचले जातात. त्यातच प्रत्येक ठाण्यानं एक परत आलेला कागद वाचायचा ठरवला, आणि त्यासाठी कोणाला झापायचं नाही असंही ठरवलं, तर नावं पाठवण्याच्या नमुन्यात एक रकाना आपोआप भरता येईल. झापायचं नाही हा भाग अवघड आहे, हे मला माहीत आहे. कागदाचा मालक विचारला जाणार असेल तर कागद येणारच नाही.

पुढच्या यादीत ज्यांचं नाव लागेल त्यांच्यासाठी: मच्छर अगरबत्ती न्या, स्वतःचा मग न्या, पीटीचे बूट नवे घेऊ नका, फोड येतात. कायद्याच्या तासांना ‘संकलन’ उघडून बसा आणि आपला अडलेला प्रश्न आधीच कागदावर लिहून द्या, तोंडी विचारलात तर ‘शेवटी’ जाईल. पैरवी अंमलदाराकडून एक परत आलेला कागद मागून न्या, नावं खोडून. आणि निवृत्त वकील सरांचं सत्र वेळापत्रकात दिसलं नाही, तर पहिल्याच दिवशी सत्र संचालकांना जाऊन विचारा. आमच्या तुकडीच्या ग्रुपवर त्यांचा नंबर आहे, सर यायला तयार असतात, फक्त त्यांच्यानंतर कोणाचा तास ठेवू नका म्हणावं.